शेवंतीचा पट्टा आणि रेशमाची गाठ

एका जंगलात एक तळं होतं. निदान तसं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात तळं कुणालाच दिसत नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी माजली होती. हिरवी, जाड, गुबगुबीत. दुरून पाहणाऱ्याला वाटे, जंगलाने गालिचा अंथरून ठेवलाय आणि पाहुण्यांची वाट बघतंय.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, मग जंगलातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ती जलपर्णी उपसून काढली असेल. तुम्ही लहान आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं. मोठ्या मंडळींनी तिथे महोत्सव भरवला. जलपर्णीला जांभळी फुलं येतात ना? म्हणून ‘जांभळा महोत्सव’. महाराज सिंहांनी फीत कापली. माकडांनी फोटो काढले. मोरांनी नाच केला. तळ्यातल्या माशांनाही निमंत्रण होतं, पण ते वर येऊ शकले नाहीत.

त्या तळ्यात पाणमांजरं राहत. त्यांच्यात भिंगरी नावाची एक तरणी मुलगी होती. नदीपलीकडच्या विद्यालयात शिकून परत आलेली. शिकल्यामुळे तिला प्रश्न पडत, आणि प्रश्न पडल्यामुळे ती कुणाला आवडत नसे.

भिंगरीच्या आईला त्या वर्षी पुन्हा पिल्लं झाली होती. आता तुम्हाला वाटत असेल, पाणमांजराच्या पिल्लाला पोहणं उपजतच येतं. मुळीच येत नाही. आईला मानगूट धरून त्याला पाण्यात टाकावं लागतं. तेही वेळेवर. वय उलटलं की पिल्लाच्या मनात पाण्याची भीती बसते आणि मग ते जन्मभर काठावर बसून राहतं. काठावर बसलेलं पाणमांजर म्हणजे लांडग्याचा नाश्ता.

आईने पहिल्या पिल्लाला धरून तळ्यात सोडलं. पिल्लू जलपर्णीखाली गेलं आणि त्याला वर यायची वाट सापडेना. भिंगरीने बुडी मारली, दातांनी मुळं तोडली आणि त्याला ओढून बाहेर काढलं. पिल्लू जगलं. पण त्या दिवसापासून पाण्याचं नाव काढलं की सगळी भावंडं आईच्या पोटाखाली शिरू लागली.

“थोडे दिवस आहेत अजून,” आई म्हणाली. “तेवढ्यात काठाजवळ थोडं मोकळं पाणी मिळालं तर मिळालं. नाहीतर यांना घेऊन नदीकडे चालत निघायचं.”

“चालत? एवढ्या लांब? अगं, वाटेत लांडग्यांची वस्ती आहे.”

“मला माहीत नाही का ते?” आई म्हणाली, आणि पिल्लांना चाटत बसली.

भिंगरी दुसऱ्याच दिवशी दरबारात गेली.

दरबारात महाराज डुलक्या काढत होते. ते फार वृद्ध होते आणि डुलकीला ‘चिंतन’ म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला प्रधान अप्पासाहेब अस्वल. डाव्या हाताला गोदाक्का घोरपड. गोदाक्का राजशिष्टाचार खात्याच्या प्रमुख होत्या. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. भिंतीला चिकटली तर गड सर होतात. खुर्चीला चिकटली तर खातं.

“महाराज, तळ्यातली जलपर्णी काढा,” भिंगरी म्हणाली. “पिल्लांना पोहायला शिकवायचंय.”

“आमच्या काळी तर तळंच नव्हतं,” अप्पासाहेब म्हणाले. “आम्ही कधी तक्रार केली?”

“तुम्ही अस्वल आहात, अप्पासाहेब.”

“बघा! वर उत्तर देते!”

“अगं पोरी,” गोदाक्का म्हणाल्या, “फुलं एवढी फुललीत आणि तुझं आपलं पाणी, पाणी. दृष्टी सुंदर असावी माणसाची.”

“मी पाणमांजर आहे, गोदाक्का.”

“तेच ते. संस्कार नाहीत.”

महाराजांनी एक डोळा उघडला. “समिती नेमा,” ते म्हणाले, आणि पुन्हा चिंतनात गेले.

समिती नेमली. तिने महोत्सवाला दुसरं वर्ष मंजूर केलं.

तेवढ्यात एक मोठी बातमी आली.

पूर्वेच्या समुद्रात एक बेट होतं. तिथे क्रौंचांचं राज्य होतं. क्रौंच म्हणजे उंच मानेचे, पांढरेशुभ्र, डोक्यावर तांबडा टिळा असलेले पक्षी. फार सभ्य. दोन क्रौंच सकाळी रस्त्यात भेटले आणि नमस्काराला वाकले, तर आधी कुणी मान वर करायची यात दुपार व्हायची. त्यांच्या सम्राज्ञीने जंगलाशी मैत्रीचा सोहळा करायचं ठरवलं होतं. जंगलाचं आणि बेटाचं आजवर एकदाही भांडण झालं नव्हतं. होणार कसं? दोघांची कधी गाठच पडली नव्हती. या अखंड मैत्रीची आठवण म्हणून सम्राज्ञी महाराजांना ‘शेवंतीचा महापट्टा’ देणार होती. हा तिच्या राज्यातला सर्वांत मोठा सन्मान. खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका जांभळा रेशमी पट्टा, आणि खाली सोन्याची शेवंती.

महाराज खडबडून जागे झाले. ते इतके जागे झालेले कुणी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“पण महाराज,” गोदाक्का म्हणाल्या, “ते देणार म्हणजे आपल्यालाही द्यावं लागणार. तेवढ्याच तोलाचं. हे लग्नासारखं असतं. मानपान चुकला की पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावं लागतं.”

“मग द्या काहीतरी.”

“आपल्याकडे सन्मानच नाही.”

मग सगळ्यांनी मिळून एक सन्मान तयार केला. ‘महापळस’. पळसाला पानं तीनच, म्हणून श्रेणीही तीन. रंगीत तालीम म्हणून मंडळींनी तो आधी एकमेकांना देऊन पाहिला. अप्पासाहेबांनी गोदाक्कांना दिला, गोदाक्कांनी अप्पासाहेबांना. तालीम संपली, पण पदकं कुणी काढली नाहीत.

सोहळ्याआधी क्रौंचांचा राजदूत पाहणी करायला आला. त्याचं नाव त्सुरुओ. जंगलाला ते उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला सुरूभाऊ म्हणू लागले. सुरूभाऊंनी महाराजांच्या छातीचं माप घेतलं. गालिचा कुठून कुठे, कोण कुठे उभं राहणार, कुणी कधी वाकायचं, सगळं ठरवलं. मग त्यांनी विचारलं, “सम्राज्ञी एक लहानशी भेटही पाठवू इच्छितात. आपल्याला कशाची गरज आहे?”

“छे छे! भेट कशाला!” अप्पासाहेब म्हणाले.

मुलांनो, ‘कशाला’ म्हणजे ‘मोठी आणा’. पण सुरूभाऊ परदेशी. त्यांना वाटलं, यांना खरंच कशाची गरज नाही. ते बिचारे विचार करत करत महोत्सवाची जागा बघायला गेले. तिथे काठावर भिंगरी बसली होती आणि एकेक मूळ दातांनी तोडत होती. ती एक तोडे, तोवर मागे दोन फुटत.

“आपण काय करता आहात?” त्यांनी वाकून विचारलं.

“तळं शोधतेय,” भिंगरी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पिल्लांचं. आईचं. लांडग्यांचं. सुरूभाऊ एका पायावर उभे राहून ऐकत होते, आणि पलीकडे पोटाखाली पिल्लं घेऊन बसलेल्या आईकडे पाहत होते.

“आमच्या बेटावरही ही जलपर्णी आली होती, भिंगरीसान,” ते शेवटी, क्रौंचांच्या रीतीने नावाला आदराचा ‘सान’ जोडून म्हणाले. “आमच्याकडे एक बारीक सोंडकिडा आहे. तो ही सोडून दुसरं काही खात नाही. ही संपली की तोही संपतो.”

“मग तो आणा की!”

“मी प्रयत्न करीन.”

क्रौंच ‘प्रयत्न करीन’ म्हणाला की एरवी त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो. पण सुरूभाऊंनी त्या आईच्या पोटाखालची पिल्लं पाहिली होती.

सुरूभाऊ गेले, आणि गोदाक्कांनी दरबाराची शिकवणी सुरू केली.

“नीट ऐका. क्रौंचांची भेट कापडात बांधलेली असते. ती दोन्ही हातांनी घ्यायची. आणि मुख्य म्हणजे, देणाऱ्यासमोर उघडायची नाही. उघडली तर त्याला वाटतं, हे हावरट आहेत. तो गेल्यावर उघडायची आणि मग आभार मानायचे.”

“आणि मग?” महाराजांनी विचारलं.

“मग परतीची भेट. आपण नाही का, आहेर घेतला की उलट आहेर करत?”

“वा!” अप्पासाहेब म्हणाले. “म्हणजे तेही आपल्यासारखेच की. उगाच मी त्यांना पुढारलेले समजत होतो.”

सोहळ्याचा दिवस आला. पताका लागल्या. भिंगरीला तळ्याची प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं, हातात जलपर्णीचं फूल देऊन. तिला बोलायची मनाई होती. हसायची परवानगी होती.

सुरूभाऊंनी महाराजांच्या गळ्यात महापट्टा घातला. तो आयाळीत अडकला. पट्टा आयाळीवरून न्यायचा की खालून, यावर दोन्ही बाजूंनी सभ्य चर्चा झाली. मग महाराजांनी सुरूभाऊंना महापळस दिला. वाळलेलं पान ते. सुरूभाऊ वाकल्याबरोबर त्याचा एक कोपरा मोडला. टाळ्या झाल्या.

मग सुरूभाऊंनी दोन्ही पंखांवर पेटी धरून पुढे केली. पांढऱ्या लाकडाची पेटी, जांभळ्या रेशमी कापडात बांधलेली, वर अशी सुबक गाठ की ती सोडणं म्हणजे फूल कुस्करण्यासारखं.

“ही अगदीच क्षुल्लक वस्तू आहे,” सुरूभाऊ म्हणाले. “आपल्या योग्यतेची मुळीच नाही.”

त्यांच्याकडे असंच म्हणायची रीत असते. महाराजांचा चेहरा पडला. “खरंच?” त्यांनी विचारलं. गोदाक्कांनी शेपटीने ढोसलं, तेव्हा ते पेटी घेऊन हसले.

पेटी भिंगरीसमोरून गेली. आतून आवाज येत होता. कुरकुर, कुरकुर. मागून चालत आलेल्या सुरूभाऊंनी चोच न हलवता हळूच सांगितलं, “वाटेपुरती पानं घातली आहेत आत. फार दिवस पुरणार नाहीत. लवकर उघडावी.”

भिंगरीच्या हातातलं फूल गळून पडलं. समारंभ संपेपर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग ती गोदाक्कांच्या मागे धावली.

“गोदाक्का, ती पेटी उघडा! आत सोंडकिडे आहेत. तळं मोकळं करायचे. ते जिवंत आहेत!”

“काहीतरीच काय? देणारा स्वतः म्हणाला, क्षुल्लक वस्तू आहे.”

“ती त्यांची रीत आहे. तुम्हीच तर शिकवली!”

“मी शिकवलेलं मलाच शिकवतेस? देणारा इथे असताना पेटी उघडायची नसते. सुरूभाऊ गेले की उघडू.”

“कधी जाणार ते?”

“पाहुण्याला असं विचारतात का, बाई?”

भिंगरी पळत पाहुण्यांच्या झाडापाशी गेली. सुरूभाऊ गाठोडं बांधून तयारच बसले होते.

“सुरूभाऊ, तुम्ही कधी निघणार?”

“भेट आवडली, असा निरोप आला की लगेच. न ऐकता निघालो, तर सम्राज्ञी विचारतील, आवडली का? मी काय सांगू?”

“पण तुम्ही गेल्याशिवाय ते उघडणार नाहीत!”

“हं,” सुरूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी गळ्यातल्या पळसाच्या पानाकडे बराच वेळ पाहिलं. “मग मी निघतो. सम्राज्ञींना काय सांगायचं ते वाटेत ठरवीन.”

एका क्रौंचाच्या दृष्टीने हे केवढं धाडस होतं, ते तुम्हाला कळायचं नाही. सुरूभाऊ तडक दरबारात गेले. “निघावं म्हणतो,” ते म्हणाले.

आणि मुलांनो, इथेच घात झाला. पाहुणा ‘निघावं म्हणतो’ म्हणाला की आपल्या जंगलात काय करतात?

“असं कसं निघता?” अप्पासाहेब म्हणाले. “जेवल्याशिवाय?”

“आभारी आहे, पण...”

“पण नाही न्‌ बिण नाही. मध काढायला सांगितलाय.”

“आपल्याला उगाच त्रास...”

“त्रास कसला? तुम्ही काय परके?”

क्रौंचाला दोनदा नको म्हणता येतं. तिसऱ्यांदा म्हणणं उद्धटपणाचं. सुरूभाऊ जेवायला राहिले. जेवल्यावर गोदाक्का म्हणाल्या, “भरल्या पोटी उडू नये.” सकाळी अप्पासाहेब म्हणाले, “आज अमावस्या. आज कुणी निघतं का?” मग मोरांचा नाच राहिला होता. मग हरणांच्या मंडळाला त्यांचा सत्कार करायचा होता. रोज सुरूभाऊ गाठोडं बांधत. रोज दरबार ते सोडायला लावी. जंगलात त्या दिवसांत एकच गाठ रोज सुटत होती, आणि ती नेमकी चुकीची होती.

भिंगरी मध्ये धावत होती.

“त्यांना जाऊ द्या हो, गोदाक्का!”

“अगं, आग्रह नको करायला? उद्या नावं ठेवतील.”

“सुरूभाऊ, तुम्ही सरळ उडून जा!”

“निरोप न घेता? भिंगरीसान, मग दोन्ही राज्यांचे संबंध बिघडतील.”

“आणि पिल्लं?”

सुरूभाऊंनी मान खाली घातली. ते फार भले होते. भलेपणाने कुणाचं भलं झाल्याचं भिंगरीने अजून पाहिलं नव्हतं.

पेटी दरबारात उंच चौथऱ्यावर ठेवली होती. सगळे येऊन तिचं दर्शन घेत. “गाठ काय सुंदर आहे!” “कापड काय मऊ आहे!” ससे आपल्या पोरांना दाखवायला आणत. भिंगरी रोज चौथऱ्याला कान लावी. पहिल्यांदा कुरकुर ऐकू येई. मग थोडी कमी झाली. मग थांबून थांबून. एका सकाळी तिला खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एकदाच, कुर्र. ती घरी गेली तेव्हा आई पिल्लांना चालायला शिकवत होती. लांब चालायला.

“परवा निघू,” आई म्हणाली.

त्याच दिवशी दरबार परतीच्या भेटीसाठी बसला. काय द्यावं? मध द्यावा, तर अप्पासाहेबांनी पाहुणचाराच्या निमित्ताने तो संपवला होता. मोरपिसं द्यावीत, तर बेटावर पिसांना तोटा नव्हता. महाराज म्हणाले, “माझा एखादा दात द्या. आता हलतोच आहे.” सगळे हळहळले.

मग गोदाक्का खाकरल्या. “आपल्या दरबारात सध्या सर्वांत भारी वस्तू कोणती?”

सगळ्यांच्या नजरा चौथऱ्याकडे वळल्या.

“पण ती तर त्यांचीच!” अप्पासाहेब म्हणाले.

“मग काय झालं? कोरी करकरीत आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही. अहो, माझ्या लग्नात आलेलं खणाचं कापड मी मावशीला दिलं, मावशीने नणंदेला, नणंदेने विहिणीला, आणि माझ्या लेकीच्या लग्नात तेच माझ्याकडे परत आलं. कुणी शिवलं नाही म्हणून तर टिकलं! आहेर वापरायचा नसतो. आहेर फिरवायचा असतो.”

“पण त्यांनी ओळखलं तर?”

“कापड उलटं बांधू.”

दरबाराने माना डोलावल्या. अनुभव तो अनुभव. ज्येष्ठांशिवाय हे कुणाला सुचलं असतं? ही एवढी मोठी अडचण तरुणांवर सोपवली असती, तर त्यांनी सरळ पेटी उघडून प्रश्न मिटवून टाकला असता.

परतीची भेट ठरली, म्हणजे पाहुण्याला आता जायला हरकत नव्हती. निरोपाचा समारंभ दुसऱ्याच सकाळी ठेवला. पुन्हा पताका. पुन्हा गालिचा. पुन्हा कोपऱ्यात भिंगरी, हातात फूल.

महाराजांनी पेटी दोन्ही पंजांत उचलली. कापड उलटं होतं, पण गाठ तीच होती. सुरूभाऊंनी ती पाहिली. क्रौंचांचा चेहरा कधी बदलत नाही. तरी त्यांच्या डोक्यावरचा तांबडा टिळा फिका पडल्यासारखा भिंगरीला वाटला.

“ही अगदीच क्षुल्लक वस्तू आहे,” महाराज पाठ केलेलं म्हणाले. “आपल्या योग्यतेची मुळीच नाही.”

“महाराज!” भिंगरी ओरडली. “थांबा!”

“फूल खाली पडलं तिचं,” कुणीतरी कुजबुजलं.

“सुरूभाऊ, आता ही भेट तुमची आहे ना? मग तुम्ही उघडा!”

सुरूभाऊंनी महाराजांकडे पाहिलं. “देणारे समोर आहेत,” ते कष्टाने म्हणाले.

“मग महाराज, तुम्ही उघडा!”

“दिलेली वस्तू देणाऱ्याने उघडायची?” गोदाक्का किंचाळल्या. “कुठे पाहिलंस असं?”

पेटी महाराजांच्या पंजांत आणि सुरूभाऊंच्या पंखांत मधोमध अडकून होती. देणाऱ्याला उघडता येत नव्हती. घेणाऱ्याला उघडता येत नव्हती. दोघेही नियमाने वागत होते. आत काहीतरी नियमानेच मरत होतं.

भिंगरी गालिच्यावर आली.

“ही भेट मी दिली नाही,” ती म्हणाली. “मला कुणी दिलीही नाही. या सगळ्या मानपानात माझं नाव कुठेच नाही. बरोबर, गोदाक्का?”

“कुठेच नाही!” गोदाक्का ठामपणे म्हणाल्या. “तुझा काय संबंध?”

“मग तुमचा एकही नियम मला लागू नाही.”

असं म्हणून तिने त्या सुबक रेशमी गाठीवर दात रोवले आणि टर्रकन फाडली.

सगळा दरबार ‘हाऽ’ करून मागे सरला. हरिणी चक्कर येऊन पडल्या. अप्पासाहेबांनी दोन्ही पंजे डोळ्यांवर घेतले आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. भिंगरीने झाकण उचललं. आत पानांच्या वाळलेल्या शिरा होत्या, आणि त्यांच्यावर ढीगभर बारीक तपकिरी सोंडकिडे. बहुतेक उताणे. पाय आखडलेले.

भिंगरीने हळूच पेटीवर फुंकर घातली. तळाशी एक हलला. मग दुसरा. मग मूठभर.

तिने पेटी उचलली आणि ती तळ्याकडे पळत सुटली.

“पकडा तिला!” अप्पासाहेब म्हणाले. पण पकडायला कुणी गेलं नाही, कारण समारंभात राजदूताआधी जागचं हलायचं नसतं. आणि राजदूत हलत नव्हते. ते वाकले होते. इतके खाली, की चोच गालिच्याला टेकली होती. एवढं वाकून त्यांनी नमस्कार कुणाला केला, यावर जंगलात अजून वाद आहे. महाराज म्हणतात, मला. गोदाक्का म्हणतात, मला. सुरूभाऊंचं तोंड मात्र तळ्याकडे होतं.

संध्याकाळी निकाल लागला. पाहुण्यांचा अपमान, राजभेटीची नासधूस आणि मोठ्यांसमोर दात दाखवणं, या गुन्ह्यांसाठी भिंगरीला दरबारात यायला जन्मभर बंदी झाली. जंगलाने तिला काही दिलं असेल तर तेवढंच, आणि तिने ते त्यांच्यासमोरच आनंदाने उघडून वापरायला सुरुवात केली.

राहता राहिली परतीची भेट. रिकाम्या हाताने पाहुण्याला कसं पाठवायचं? गोदाक्कांनी रिकामी पेटी पुसली, फाटक्या कापडाला जमेल तशी गाठ मारली आणि तीच सुरूभाऊंच्या हाती दिली. “घाईत उघडू नका म्हणावं,” त्यांनी बजावलं. सुरूभाऊ अखेर उडाले.

इकडे मूठभर सोंडकिड्यांनी काठाशी जेवायला सुरुवात केली. त्यांच्यात कुणी ज्येष्ठ नव्हतं, त्यामुळे सगळे कामाला लागले. काठाजवळची पानं तपकिरी पडली, मग बुडाली. आईने निघणं एक दिवस पुढे ढकललं. मग आणखी एक. भिंगरी मेलेली मुळं दातांनी ओढून काठावर टाकत राहिली. आता एक तोडलं की मागे दोन फुटत नव्हती. आणि एके दिवशी तिथे पाणी दिसलं. थोडंसंच. पिल्लाच्या उडीएवढं. आईने वाट पाहिली नाही. पहिल्या पिल्लाची मानगूट धरली आणि त्याला पाण्यात टाकलं. ते किंचाळलं, बुडालं, आणि नाकाने बुडबुडे काढत वर आलं. मग त्याने मागे वळून दुसऱ्या भावंडांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे सगळं त्याला आधीपासून माहीत होतं.

तिकडे बेटावर सम्राज्ञीने सगळे गेल्यावर पेटी उघडली. आत काहीच नव्हतं. बाहेर फाटकं कापड. तिने दरबारातल्या विद्वान क्रौंचांना बोलावलं. विद्वान पेटीभोवती बसले. शेवटी सर्वांत वृद्ध विद्वान म्हणाला, “सगळेच काहीतरी पाठवतात. यांनी ‘काहीच नाही’ पाठवलं. आणि ही जीर्ण गाठ! केवढी ही अभिरुची!” दुसऱ्याने डोळे पुसले. सुरूभाऊ मागे एका पायावर उभे होते. त्यांना खरं काय ते सांगावंसं वाटलं. पण ज्येष्ठांना मध्येच तोडणं सभ्यपणाचं नव्हतं.

असं समजा मुलांनो, की वृद्धांच्या बाबतीत समुद्राचे दोन्ही काठ सारखेच असतात.

सम्राज्ञीने मग जंगलाला आणखी सन्मान पाठवले. महाराजांच्या महापट्ट्याला रत्नजडित माळ. अप्पासाहेबांना शेवंतीचा मोठा पट्टा, तळ्याचं संवर्धन केल्याबद्दल. गोदाक्कांना शेवंतीचा मधला पट्टा, सूक्ष्म सौंदर्यदृष्टीबद्दल. गोदाक्का मधला पट्टा मिळाल्यामुळे आठवडाभर जेवल्या नाहीत.

सत्कार तळ्याच्या काठावर ठेवला. एव्हाना तळं बरंच मोकळं झालं होतं. पाणी नितळ होतं. मंडळी ओळीने काठावर उभी राहिली आणि वाकून पाण्यात आपापले पट्टे बघू लागली. जंगलात एवढा मोठा आरसा आहे हे त्यांना प्रथमच कळत होतं.

“छान दिसतोय,” महाराज म्हणाले.

“आम्ही उगाच नाही हे तळं जपलं,” अप्पासाहेब म्हणाले.

इतक्यात पाण्याखालून भिंगरी वर आली. बंदी दरबारात होती, तळ्यात नव्हती. तिच्यामागे एकापाठोपाठ एक सगळी भावंडं. त्यांनी मोठ्या मंडळींना पाहिलं, आनंदाने शिट्ट्या वाजवल्या आणि एकदम उड्या मारल्या. पाणी असं उसळलं की महाराजांची आयाळ, अप्पासाहेबांचं पोट आणि तिन्ही पट्टे चिंब झाले. रेशमाचा रंग सुटला. सिंहावर जांभळे ओघळ आले.

“ए कार्ट्यांनो!” गोदाक्का पट्टा पिळत ओरडल्या. “आणि काय हो अप्पासाहेब, एवढं पाणी कुणी आणलं इथे? समिती नेमा!”

भिंगरीने काठावरून मान वर काढली. तिला उत्तर येत होतं. पण धाकट्याने तोवर तळाशी जाऊन आयुष्यातला पहिला मासा पकडला होता, आणि तो बघायला ती खाली गेली.

तात्पर्य: मुलांनो, भेट कधीही उघडू नये. उघडली तर आत उपयोगाची वस्तू निघण्याची भीती असते. मग काम होतं, आणि त्याचा सत्कार घ्यायला थकल्या-भागल्या वडीलधाऱ्यांना पाण्याच्या इतक्या जवळ जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून सुबक गाठ दिसली की शहाण्या मुलांनी हात जोडावेत. दात फोटोत हसण्यासाठी असतात.